सुई, हेड आणि कार्ड : उंद्रीच्या वाटेवरील फिरत्या संगीताचा व त्याच्या आवाजाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री हे गाव खामगाव–चिखली रस्त्यावर आहे, आणि यंत्रातून वाजणारे संगीत या भागात कसे पोहोचले व कितपत नीट ऐकू आले याचा मागोवा घेताना हे स्थान आधी ध्यानात घ्यावे लागते. मुंबई–नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर अंगाने, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला. कापसाच्या व्यापारासाठी १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फाटा काढण्यात आला आणि रूळ तेथेच थांबले. खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी असली तरी जिल्ह्यात ज्याला ‘घाटावरचा’ भाग म्हणतात तो चिखली, मेहकर, लोणारकडचा पट्टा रेल्वेवाचूनच राहिला, त्यामुळे शहरातून येणारी प्रत्येक नवी वस्तू ‘घाटाखाली’ उतरायची आणि तेथून रस्त्याने वर चढायची. विजेचेही तसेच झाले. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, पण पेठेच्या गावांतून खेड्यांत आणि खेड्यांतून वाड्यावस्त्यांवर तारा जायला पुढे कित्येक वर्षे लागली.

या परिस्थितीमुळे ‘पोर्टेबल’ म्हणजे सोबत नेता येण्याजोग्या संगीतयंत्राला येथे निराळे महत्त्व आले. शहरातल्या श्रोत्याला असे यंत्र म्हणजे दिवाणखान्यातल्या मोठ्या यंत्राला दिलेली हलकी जोड वाटत होती. घाटावरच्या खेड्यात मात्र चावीवर किंवा सेलवर चालणारे यंत्र हेच पहिले आणि पुष्कळदा एकमेव यंत्र होते, आणि आवाज सुधारायचा तर त्यातूनच सुधारायचा होता. सुमारे शंभर वर्षांच्या या प्रवासात यंत्रे चार-पाच वेळा मुळापासून बदलली, तरी एक गोष्ट प्रत्येक पिढीत पुन्हा दिसते: आवाज बिघडतो तो बहुधा यंत्राचा भाग आणि संगीत साठवलेली वस्तू जेथे एकमेकांना टेकतात त्या जागी. ग्रामोफोनमध्ये ती जागा सुईच्या टोकाशी होती, टेपरेकॉर्डरमध्ये हेडच्या तोंडाशी आली. महागडे यंत्र घेणाऱ्यापेक्षा ही जागा जपणाऱ्या माणसाला चांगले संगीत ऐकायला मिळाले, असे या इतिहासावरून म्हणता येते.

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग लंडनहून आला आणि गौहरजान यांच्यासह अनेक गायक-गायिकांचे आवाज त्याने तबकड्यांवर उतरवले. १९०८ मध्ये कंपनीने कलकत्त्यातच तबकड्या छापण्याचा कारखाना सुरू केला. तबकडी लाखेची असे, म्हणजे लाख आणि दगडाची बारीक भुकटी यांच्या मिश्रणातून ती गरम दाबाने घडवली जाई. दहा इंच व्यासाची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असल्याने एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. सोबत नेण्याजोगा ग्रामोफोन लंडनच्या बार्नेट सॅम्युएल कंपनीने ‘डेका’ या नावाने १९१४ मध्ये आणला आणि पहिल्या महायुद्धात तो सैनिकांबरोबर खंदकांत गेला. ग्रामोफोन कंपनीच्या एच.एम.व्ही. या छापाचे ‘१०१’ हे पेटीवजा यंत्र १९२५ मध्ये आणि त्याहून सुधारलेले ‘१०२’ हे १९३१ मध्ये बाजारात आले. या पेट्यांत वीज कोठेच नव्हती. चावी दिली की पोलादी स्प्रिंग आवळली जाई, ती सुटताना तबकडी फिरवी, सुईची थरथर ‘साउंडबॉक्स’मधील पातळ पडद्याला मिळे आणि पेटीच्या पोटात घडी घालून बसवलेला कर्णा तो आवाज मोठा करून बाहेर सोडी.

या यंत्रात सुईला किती महत्त्व होते हे आजच्या वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. पोलादी सुया दोनशेच्या पत्र्याच्या डबीत मिळत आणि प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी अशी सूचना कारखानदार देत. ती विक्री वाढवण्याची युक्ती आहे असे अनेकांना वाटे, पण तिच्यामागे खरे कारण होते. तबकडीतली दगडाची भुकटी पहिल्या काही फेऱ्यांत सुईचे टोक घासून तिला खाचेच्या आकाराचे करून घेई, आणि तीन मिनिटांच्या अखेरीस त्याच टोकाला धारदार कडा आलेल्या असत. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली की शंभर ग्रॅमहून अधिक भार पेलणाऱ्या त्या कडा खाचेच्या भिंती तासू लागत, आवाजात खरखर शिरे आणि ती खरखर तबकडीत कायमची राही. काटकसर म्हणून एकच सुई आठवडाभर वापरणाऱ्या घरातल्या तबकड्या म्हणूनच लवकर करड्या पडत. सुयांच्या जातीही निरनिराळ्या होत्या: जाड दांड्याची सुई जास्त थरथर पुढे पोहोचवी म्हणून ती ‘मोठ्या आवाजाची’, बारीक दांड्याची ‘मृदू आवाजाची’, बांबूच्या किंवा निवडुंगाच्या काट्याच्या सुया आवाज कमी देत, पण तबकडी राखत. आवाजाची पातळी ठरवणारी दुसरी कळ त्या यंत्रात नव्हतीच. तो कमी-जास्त करायचा तर सुई बदलायची.

सुईनंतर प्रश्न येई गतीचा. यंत्रातील वेगनियंत्रक, ज्याला गव्हर्नर म्हणत, हा फिरत्या वजनांचा आणि चामड्याच्या एका लहानशा गादीचा खेळ होता. वजने बाहेर फेकली गेली की एक चकती सरकून त्या गादीला घासे आणि वेग आवरला जाई. गादी कोरडी पडली तर चकती अडखळे आणि लांबवलेला स्वर थरथरू लागे, म्हणून तिला तेलाचा एखादा थेंब द्यावा लागे. वेग चुकला की स्वर आणि लय दोन्ही एकदम सरकतात, त्यामुळे जलद फिरणाऱ्या तबकडीवर पुरुषाचा आवाज बायकी वाटे आणि संथ तबकडीवर बालगंधर्वांचे पद रडके होई. वीज असलेल्या घरात दिव्याखाली ठेवण्याची रेघांची चकती वापरून वेग तपासता येत असे. वीज नसलेल्या घरात कागदाचा कपटा तबकडीच्या कडेखाली अडकवून घड्याळ हातात धरायचे आणि वीस सेकंदांत तो सव्वीस वेळा समोरून जातो का हे मोजायचे, एवढा साधा हिशेब पुरेसा होता. पूर्ण चावी न देता वाजवायला सुरुवात केली तर गाण्याच्या उत्तरार्धात स्प्रिंग ढिली पडून तान खाली घसरे, आणि जुन्या मंडळींच्या नकलांत हा घसरता ग्रामोफोन पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिला.

वऱ्हाडचा उन्हाळा हा या यंत्रांचा मोठा शत्रू होता. साउंडबॉक्सचा अभ्रकाचा किंवा ॲल्युमिनियमचा पडदा कडेने रबरी नळीवजा वॉशरांवर टेकलेला असे. उष्णतेने रबर कडक झाले की पडद्याला मोकळेपणाने हलता येत नसे, मंद्र स्वर पातळ होत आणि मोठ्या आवाजाला पत्रा वाजल्यासारखा झणझणाट येई. असे यंत्र ‘म्हातारे झाले’ म्हणून माळ्यावर टाकले जाई, वास्तविक दोन वॉशर बदलले असते तर ते पुन्हा पूर्ववत बोलले असते. लाखेची तबकडी उन्हात मऊ होऊन वाकत असे. तबकड्या तिरप्या टेकवून न ठेवणे, पेट्या भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवणे, या गोष्टी घरोघर अनुभवाने शिकल्या गेल्या. यंत्र कोठे मांडावे यालाही महत्त्व होते. मोकळ्या अंगणात मध्यभागी ठेवलेल्या पेटीचा आवाज चारी दिशांना पांगतो, तर दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवली की त्या भिंतीच कर्ण्याच्या पुढचा भाग होतात आणि खालचे स्वर भरीव ऐकू येतात.

१९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आणि विद्युत् वर्धक आले, त्यापूर्वी गायकाला थेट कर्ण्यात तोंड घालून गावे लागत होते. जुन्या पद्धतीच्या तबकडीत सेकंदाला सुमारे अडीच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही उतरत नसे, नव्या पद्धतीत ही मर्यादा पाच हजारांच्या आसपास गेली. टाळांची किणकिण, तंबोऱ्याच्या जव्हारीची वरची छटा आणि ‘स’, ‘श’ यांसारखे उच्चार तबकडीवर येऊ लागले ते यानंतर. या नव्या तबकड्या जुन्या साउंडबॉक्सवर लावल्या की त्यांतला नवेपणा निम्मा वाया जाई, आणि ‘१०१’ ऐवजी ‘१०२’ घेण्यात खरा फायदा होता तो यासाठी. जुन्या ग्रामोफोनचा आवाज ‘उबदार’ होता असे अलीकडे कौतुकाने लिहिले जाते. तो पुष्कळदा वरचे स्वर नसल्याचा परिणाम आहे, आणि त्या काळच्या श्रोत्याला त्यात काही गुण वाटत असल्याचे दिसत नाही, कारण संधी मिळताच त्याने जास्त स्वच्छ यंत्र घेतले.

विद्युत् मुद्रणाच्या याच पहिल्या दशकात बुलढाणा जिल्ह्याचा आणि तबकडीचा एक थेट संबंध जुळला. सिंदखेडराजा येथे जन्मलेले आणि मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायक गो. ना. जोशी यांनी गाऊन ध्वनिमुद्रित केली, आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या लोकप्रिय तबकड्यांत तिची गणना होते. जोशी स्वतः कायद्याचे शिक्षण घेतलेले होते आणि पुढे एच.एम.व्ही.मध्ये ध्वनिमुद्रणाचे अधिकारी म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. नाट्यसंगीताच्या तबकड्यांत रंगमंचावरचा भरदार आवाज उतरवायचा असे. भावगीतात गायक मायक्रोफोनपाशी उभा राहून हळू आवाजात बोलल्यासारखे गाऊ शकला, त्यामुळे शब्द स्पष्ट कळणे ही चांगल्या आवाजाची नवी कसोटी ठरली. मेहकरच्या एका वकिलाचे शब्द मुंबईला जाऊन, तबकडीवर चढून पुन्हा घाटावर यावेत, यात प्रादेशिक अभिमानाचा भाग असला तरी तंत्राचा वाटा त्याहून कमी नाही.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला आणि १९५४–५५ पासून हातात धरण्याजोगे रेडिओ परदेशी बाजारात आले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले होते, रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमाला १९५२ पासून आणि विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ पासून ऐकू येऊ लागली. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर खेड्यात पोहोचला तेव्हा ऐकण्यासारखे पुष्कळ काही हवेत आधीच होते. रेडिओला टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे, आणि शेतात, बैलगाडीवर, बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फळीवर तो वाजत असे. येथे सुई नव्हती, तरी जपायची जागा होती. रेडिओच्या पोटात फेराइटची, म्हणजे लोहमिश्रित काळ्या मातीसारख्या पदार्थाची, आडवी कांडी असते आणि ती केंद्राच्या दिशेशी काटकोनात असली की लहरी सर्वांत जास्त पकडते. रेडिओ हातात फिरवत ‘इकडे तोंड कर, आता साफ येतंय’ असे म्हणणारा माणूस हेच तत्त्व वापरत होता.

सेलचा प्रश्न याहून बिकट होता. चार जस्त-कार्बन सेलांचे मिळून सहा व्होल्ट होतात, पण ते उतरत जाऊन चारच्या आसपास आले की ध्वनिवर्धकाला मोठ्या स्वरांचे शेंडे पेलवत नाहीत, ते छाटले जातात आणि आवाज घोगरा, फाटका होतो. उतरलेले सेल उन्हात ठेवण्याची खेडोपाडीची रीत निव्वळ अडाणीपणाची नव्हती. ऊब मिळाली की सेलच्या आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, अंतर्गत अडथळा कमी होतो आणि थोडा वेळ आवाज खरोखर सुधारतो, मात्र संपलेले रसायन त्यामुळे परत येत नाही आणि असे सेल आत राहिले तर गळून रेडिओचे पत्रे गंजवतात. दुसरी युक्ती माठाची होती. सुटा स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा बसवला की त्याच्या मागच्या बाजूने निघणारा ध्वनी माठात कोंडला जातो. एरवी हा मागचा ध्वनी पुढच्या ध्वनीच्या उलट असल्याने खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि म्हणून उघडा स्पीकर नेहमी किरटा वाजतो. माठाला स्वतःचा एक गुंजणारा स्वर असतो, त्यामुळे ढोलकीचा एखादाच ठोका अवास्तव फुगून येतो हा त्यातला दोष. पण काही रुपयांच्या माठातून मिळणारी भर पाहता हा दोष कोणी मनावर घेतला नाही.

फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली तेव्हा ती श्रुतलेखनासाठी, कार्यालयीन कामासाठी होती, संगीतासाठी नव्हे, आणि तिची मापे पाहिली तर असे का हे कळते. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, तिच्यावर दोन्ही बाजूंचे पट्टे, आणि वेग सेकंदाला अवघा ४.७६ सेंटिमीटर. डॉल्बी-बी ही पद्धत १९६८ मध्ये आली. मुद्रण करताना हळू आवाजातले वरचे स्वर वाढवून ठेवायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे, की त्यांच्याबरोबर फितीची सळसळही सुमारे १० डेसिबलने दबते, हे तिचे मर्म. पुढे क्रोमियम डायऑक्साइडच्या फिती आल्या आणि हे लहानसे खोके संगीताला लायक झाले. महाराष्ट्राच्या खेड्यांत ते पसरले ते १९८० च्या दशकात, टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटींचा सुकाळ केला तेव्हा. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, भीमगीते, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ हे रेडिओच्या वेळापत्रकाची वाट न पाहता हवे तेव्हा लावता येऊ लागले, आणि रेडिओ व टेप एकाच खोक्यात असलेले ‘टू-इन-वन’ लग्नात द्यायच्या वस्तूंच्या यादीत गेले.

कॅसेटचा आवाज हेडवर ठरतो. फीत हेडच्या समोरून सरकते आणि हेडमधील एक-दोन मायक्रॉन रुंदीची फट तिच्यावरचे चुंबकीय ठसे वाचते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सेकंदाला दहा हजार कंपनांचा स्वर या वेगाने फितीवर उतरला की त्याच्या एका लाटेची लांबी पाच मायक्रॉनहूनही थोडी कमी भरते, आणि म्हणून फितीची तपकिरी भुकटी व रस्त्याची धूळ यांचा एक मायक्रॉन जाडीचा थर हेडवर बसला तरी हा स्वर ११ डेसिबलहून अधिक खाली जातो, तर खालच्या स्वरांना काहीच होत नाही. श्रोत्याला कळते ते इतकेच की हरिपाठातला मृदंग नीट येतो, पण टाळ मात्र गोधडीआडून वाजल्यासारखे मंद येतात. तो ‘टेप खराब झाला’ असे म्हणून नवा घ्यायच्या गोष्टी करू लागतो. वास्तविक काडीला कापसाचा बोळा गुंडाळून, स्पिरिटमध्ये भिजवून हेड, फीत ओढणारी दांडी आणि रबरी रोलर पुसला की टाळ परत येत. रोलर पुसण्याचे कारण वेगळे होते: तो चिकट झाला की फीत त्याच्याभोवती गुंडाळली जाई, ‘टेपने कॅसेट खाल्ली’ अशी ओरड होई आणि पेन्सिल घालून ती फीत परत गुंडाळावी लागे, पण चुरगळलेल्या जागी आवाज कायमचा बुडे.

हेड स्वच्छ असूनही टाळ मंद असतील, तर दोष ॲझिमथचा असे. हेडची फट फितीच्या चालीशी नेमकी काटकोनात असावी लागते आणि या काटकोनाला ॲझिमथ म्हणतात; ती केसभर कलली तरी फटीच्या एका टोकाला लाटेचा चढ आणि दुसऱ्या टोकाला उतार येऊन दोन्ही एकमेकांना मारतात. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक लहान स्क्रू याच कामासाठी असतो आणि खोक्याला त्याच्यासमोर पुष्कळदा बारीक भोकही ठेवलेले असते. तालुक्याच्या गावी टेप दुरुस्त करणारा कारागीर कोणतेही मोजमापाचे यंत्र न लावता, टाळ किंवा घुंगरू असलेली कॅसेट चालू ठेवून, पेचकस त्या भोकात घालून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवी आणि किणकिण सर्वांत उजळ झाली की थांबे. ही पद्धत शास्त्रीयदृष्ट्या पूर्ण बरोबर आहे. तिच्यातली उणीव एवढीच की कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली त्याचाच ॲझिमथ कललेला असेल, तर तिच्यावर जुळवलेले हेड इतर सर्व कॅसेटींना निकामी होते. चांगला कारागीर त्यामुळे कंपनीची मूळ कॅसेट राखून ठेवी आणि गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर भरवसा ठेवत नसे.

गिऱ्हाइकाच्या कॅसेटी बहुधा ‘भरून घेतलेल्या’ असत. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात दिली की दुकानदार दोन डेकच्या यंत्रावर तबकडीवरून किंवा दुसऱ्या कॅसेटवरून गाणी उतरवून देई. कायद्याने हे चालत नव्हते, तरी बाजारपेठेच्या प्रत्येक गावात हा धंदा होता. प्रत्येक नकलेत फितीची सळसळ पुन्हा एकदा मिळते, वरचे स्वर आणखी थोडे गळतात आणि पट्टा ताणलेल्या यंत्राचा हेलकावाही त्यात उतरतो, म्हणून नकलेच्या नकलेवरून भरलेल्या कॅसेटला कोणतेही यंत्र सुधारू शकत नाही. पैसे वाचवण्यासाठी ९० मिनिटांची कॅसेट घेणे हाही खोटा हिशेब होता, कारण तिची फीत ६० मिनिटांच्या फितीच्या दोन-तृतीयांश इतकीच जाड असे आणि उन्हाळ्यात ती ताणली किंवा गुंतली जाई. याच काळात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी काळजीपूर्वक काढून मराठी रसिकांत नाव मिळवले. पण घाटावरच्या खेड्यात कॅसेटचे खरे मोल वेगळ्याच कारणाने मानावे लागेल: येथे पोहोचलेल्या सोबत नेण्याजोग्या यंत्रांत मुद्रणाची कळ पहिल्यांदा तिच्यामुळे आली, आणि गावातले कीर्तन, सप्ताहातले भजन, एखाद्या म्हातारीच्या जात्यावरच्या ओव्या गावातल्याच माणसाने भरून ठेवल्या.

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात ३३,००० येनला विक्रीस आला. त्याने फितीत काही सुधारणा केली नाही; त्याने स्पीकर काढून टाकला. लहान स्पीकरला जे खालचे स्वर हवेत ढकलता येत नाहीत ते कानाला लागून असलेल्या हलक्या हेडफोनला अगदी थोड्या शक्तीत देता येतात, त्यामुळे दोन सेलांचे हे यंत्र मोठ्या टू-इन-वनपेक्षा सरस वाजे, आणि त्याच वेळी ऐकणे ही एकट्याची गोष्ट झाली. खेड्यात वॉकमन थोड्यांकडेच पोहोचला. ओट्यावर बसून दहा जणांनी एक कॅसेट ऐकण्याच्या रीतीला त्याने धक्का लावला नाही. तो पुढे मोबाइलने लावला.

सीडी १९८२ मध्ये आली आणि प्रकाशकिरणाने वाचली जात असल्याने तिच्यात घासणारे काही राहिले नाही, पण सोबत नेण्याच्या सीडी-यंत्राला खडबडीत रस्त्याचा धक्का सोसत नसे, आणि तिचा काळ या भागात थोडक्यात आटोपला. खरा पालट एमपीथ्रीने केला. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत मोठ्या स्वराआड झाकला जाणारा, कानाला एरवीही न जाणवणारा भाग गाळून टाकतात. सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती लागते, तर १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीला तिच्या सुमारे अकराव्या भागाइतकी. फाइलला ‘.mp3’ हे शेपूट १९९५ मध्ये ठरले. २००० नंतरच्या दशकात, महाराष्ट्रात भारनियमनाने खेडी तासन्‌तास अंधारात असताना, मोठ्या स्पीकरचे स्वस्त मोबाइल आणि नखाएवढी मेमरी कार्डे आली, आणि कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांवर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. एका जीबीत १२८ किलोबिटची सुमारे सतरा तासांची गाणी मावतात. ६४ किलोबिटवर दाबली तर दुप्पट. गिऱ्हाईक संख्येवर खूश होते, दुकानदाराने दुप्पटच दिली. अशा फाइलीत टाळांचा आवाज पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा चुळचुळतो, आणि एकदा गाळलेले परत मिळत नसल्याने पुढे हीच फाइल मोठ्या आकड्यावर उतरवून घेण्यात काही अर्थ उरत नाही.

येथे मागच्या सर्व काळाहून एक फरक पडला. सुई बदलता येत होती, हेड पुसता येत होते, स्क्रू फिरवता येत होता. कार्डावरच्या फाइलला असा स्क्रू नाही, तिची गुणवत्ता ती तयार करणाऱ्याने आधीच ठरवलेली असते. श्रोत्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात. पहिली, मूळ फाइल चांगली निवडणे. दुसरी, कान आणि इअरफोन यांच्यातील बूच: रबरी टोपी कानात घट्ट बसली नाही तर खालचे स्वर फटीतून निसटतात आणि शंभर रुपयांचा व पाच हजारांचा इअरफोन सारखेच किरटे वाजतात. ब्लूटूथमध्ये गाणे हवेतून पाठवताना पुन्हा एकदा दाबले जाते, त्यामुळे आधीच गाळलेली फाइल तेथे दुसऱ्यांदा गाळली जाते. बेस वाढवण्याच्या कळीने यातले काहीच दुरुस्त होत नाही, फक्त आवाज वाढवावासा वाटतो. आवाज वाढवण्यालाही सीमा आहे: जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे.

ग्रामोफोन कंपनीचे भारतातील आजचे रूप असलेल्या सारेगामाने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ हे जुन्या रेडिओच्या घडणीचे, गाणी आधीच भरलेले यंत्र काढले आणि ते खपले, म्हणजे व्यापारी तबकड्यांवरची गाणी आता हरवत नाहीत. हरवत आहेत त्या घरगुती कॅसेटी. चिखली, मेहकर, खामगावच्या परिसरात ज्यांच्या माळ्यावर सप्ताहाच्या, कीर्तनाच्या, घरातल्या ओव्यांच्या कॅसेटी पडून असतील त्यांनी चालू स्थितीतला टेप मिळवावा, हेड पुसावे, त्या त्या कॅसेटनुसार ॲझिमथचा स्क्रू फिरवून टाळ उजळ करून घ्यावेत आणि मगच ती फीत न दाबलेल्या फाइलमध्ये उतरवावी. साठ मिनिटांच्या कॅसेटला अशी फाइल सुमारे ६३५ एमबी होते, आणि ३२ जीबीच्या एका कार्डात अशा पन्नासच्या आसपास कॅसेटी मावतात.